शांतवनने परत पाठवलेला घोडा

रूथवहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेतून निघत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. पुढे बराच वेळ पलीकडून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत राहिला… शांतवन आणि मी एकाच शाळेत उभा जन्म काढला. तो इतिहास शिकवायचा, मी गणित. तो ख्रिस्ती, यंत्रमागांच्या वस्तीत, कामतघरच्या चाळीतल्या एका खोलीत रविवारी उपासना घेणारा. "तुमचा तारणारा येऊन गेला म्हणता, मग पुन्हा कुणाची वाट बघता रे?" असं मी मधल्या सुट्टीत मुद्दाम डिवचायचो. तो तास घेतल्यासारखा बोलत सुटायचा आणि बोलता बोलता माझी भाजी संपवायचा.

त्याचं म्हणणं असं की, रोमी सत्तेखाली भरडलेल्या यहुदी लोकांना त्यांच्या जुन्या दावीद राजाच्या घराण्यातला राजा हवा होता, तलवार घेऊन येणारा. हा तारणारा आला गाढवावर बसून. लोकांनी झावळ्या हलवून जयजयकार केला आणि त्याच आठवड्यात याला क्रुसावर चढवा म्हणून ओरडले. "आम्ही तरी वेगळं काय करतो, विन्या? लूम बंद पडली त्याला लूम चालू करणारा हवा, आजारी माणसाला बरं करणारा हवा. अंगरखा आधीच शिवून बसलोय. तो येणाऱ्याच्या अंगाला बसला नाही, की येणाराच खोटा."

हे नुसतं बोलणं नव्हतं. झावळ्यांच्या रविवारी, त्या जयजयकाराच्या आठवणीत, त्यांची छोटी मिरवणूक निघायची, पुढे वीटभट्टीवरून आणलेलं गाढव. एका वर्षी मंडळीतल्या तरुणांनी वरातीचा पांढरा घोडा आणला, झूलबिल घालून. लूम भंगारात निघत होत्या, पोरं ड्युटीविना घरी बसलेली. "सर, गल्लीतले हसतात आपल्याला. राजा गाढवावर कशाला?" शांतवन चिडून लाल झाला. "घोडाच हवा होता म्हणून तर मारला त्याला," म्हणाला आणि घोडा परत पाठवला. घोड्यामागोमाग निम्मी पोरंही गेली. वडप्याकडे एक चंगाई सभा भरायची, तिथे आजारी माणसं बरी होतात म्हणत, तिकडे जाऊ लागली. त्याला ते फार लागलं, पण माघार घेणारा तो नव्हे.

मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. हातावर सुयांच्या गाठी, पाय सुजलेले. पोरं भेटायला आली, सभेला चला म्हणाली. त्याने मान हलवली, नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. शेवटच्या भेटीत वहिनी चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. "विन्या, आता मलाही घोडाच हवाय रे… रूथला सांगू नकोस." थट्टा बाजूला ठेवून मी शब्द दिला. तेव्हापासून मला चैन नाही. आयुष्यभर सांगितलेलं त्याला खोटं वाटलं होतं की दुखणंच तेवढं मोठं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

परवा झावळ्यांचा रविवार झाला. दारावरची गेल्या वर्षीची झावळी उतरवून नवी बांधायची त्यांची रीत आहे. ते काम दर वर्षी शांतवन करायचा, म्हणून वहिनींनी मला बोलावलं. मी स्टुलावर चढलो, तशा त्या खालून म्हणाल्या, "मंडळीतले विचारतात, सर शेवटी डगमगले होते का. तुमच्याशी काय बोलले?" शब्द दिला होता, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलवेना. सांगितलं.

वहिनी भिंतीला टेकल्या. "यांनी मला एकदा तरी सांगायचं ना," हळूच म्हणाल्या. "मी वडप्याच्या सभेला जात होते, यांना चोरून. रोज घोडाच मागत होते."

मी पुन्हा दाराकडे वळलो. जुन्या झावळीची गाठ शांतवनच्या हातची, घट्ट. ती मी सोडली नाही. नवी तिच्या शेजारी बांधली आणि खाली उतरलो.