बांधावरच्या वीरगळाचं तेल

महाळुंग्याला आमच्या बांधावर वीरगळ आहे, कुण्या लढून मेलेल्याचा कोरीव दगड. दर अवसंला मी त्याला तेल लावते. एकदा मी तेल लावत होते, तवाच विद्यापीठातली एक पोरगी तो बघायला आली. तिनं आधी चपला काढल्या, मगच फोटो काढला.

मीच विचारलं, "आमाला ठावं न्हाई, हा कोण गं?"

"ते जुन्या कागदांत शोधीन, आजी. तुमच्यामागं याला तेल कोण लावणार, ते सांगा."

पोरं माझी पुण्यात. हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी हसून म्हणलं, "तूच ये की!"

ती हसली नाही. माझ्या वाटीत बोट बुडवून तिनं दगडाला तेल लावलं. "येईन," म्हणाली.

अजून आलेली नाही. तरी अवसंला मी दोघींपुरतं तेल घेते, अन् रस्त्याकडं बघत जरा थांबते.