नऊ हजार किलोमीटर, तेही बसून

सलूनवाले मामा आयुष्यभर उभेच राहिले. दुकानात तीन खुर्च्या, पण त्या गिऱ्हाइकांच्या. चहासुद्धा उभ्याउभ्याच. मामी म्हणायच्या, "ह्यांच्या गुडघ्यांना वाकायचं ठाऊकच नाही."

अशात थोरल्या बहिणीचा फोन आला. नवरा गेल्यावर अक्काचा आवाजच बारीक झाला होता; ती मुलाकडे, जगाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन राहिली होती. आता साठी उलटल्यावर ती पुन्हा लग्न करत होती! "तुझ्याशिवाय बोहल्यावर चढायची नाही," म्हणाली.

गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून मामांनी लेकीला विचारलं, "किती लांब गं?"

"नऊ हजार किलोमीटर. अकरा तास."

"त्यातले बसायचे किती?"

"बाबा, सगळेच!"

मामांनी वस्तरा खाली ठेवला.

विमानात पहिला तास त्यांनी दात-ओठ खाऊन काढला. मग पायांना मुंग्या आल्या. उठून मागे जाऊन उभे राहिले, तर हवाईसुंदरीने गोड हसून परत आणून बसवलं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ती हसली नाही.

शेजारचे जाडजूड गृहस्थ आखडलेली मान धरून कण्हत होते. मामांना राहवेना. "जरा मान द्या इकडे," म्हणत ते उठले आणि त्यांनी अंगठे रोवले. गृहस्थांच्या तोंडून असा काही सुस्कारा निघाला की मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, माझंही डोकं बघा ना!" मग पलीकडचे आजोबा. शेवटी ती हवाईसुंदरीच हळूच म्हणाली, "काका, माझे खांदे फार दुखतात हो." खाली समुद्र कधी सरला, मामांना पत्ताच नाही.

उतरल्यावर त्यांनी घरी मामींना फोन लावला. "पोचलो. दुपारचं ऊन आहे."

"दुपार? इथे दिवेलागण झाली. सकाळी निघालात, अकरा तास उडालात, आणि अजून दुपारच?"

"अगं, सूर्य आमच्याच बाजूने पळत होता."

"थापा मारू नका!"

लग्नाच्या सकाळी मामांनी नवरदेवाला आरशासमोर बसवलं. टाळू लख्ख, कानांमागे तेवढे दोन झुबके. मामांनी तेही अशा गांभीर्याने कापले की अक्का दारात पोट धरून हसली.

परतीला वारा पाठीशी, त्यामुळे विमान वेळेआधीच टेकलं. मामी विमानतळावर पोचल्या तेव्हा मामा बस पकडून घरी गेलेले. तणतणत परतल्या, तर स्वयंपाकघरात चहा उकळत होता.

"नवरा कसा आहे अक्काचा?" राग गिळून मामींनी विचारलं.

"टकला आहे," मामा कपात चहा ओतत म्हणाले. "पण दुपारच्या वेळी दोघं एकमेकांना पेपर वाचून दाखवतात. अक्काचा आवाज पुन्हा मोठा झालाय."

मामींनी पदराने डोळे टिपले आणि साखर कमी पडल्याचं सांगितलं.