घोट्यावरचा पट्टा

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, एवढंच माझं कर्तृत्व. पण पायाळू माणसाची लाथ बसली की कंबरेची उसण जाते, ही समजूत आमच्या लोकांनी भंडाऱ्याकडून बिऱ्हाडाबरोबर भिलाईला आणली. पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता आणि माझ्या दारात पाठी वाकवून माणसं उभी. दिवसभर धूळ, पाण्याची रांग, चूल. त्यात ह्या लाथा. जीव मेटाकुटीला यायचा.

आमचे हे कारखान्याच्या सांगाड्यावर, पार वर, लोखंड जोडणाऱ्या टोळीत. त्याचा केवढा तोरा! खाली काम करणाऱ्यांना हे मोजायचेच नाहीत. मी मात्र संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत जीव मुठीत धरून असे.

एकदा शिडी उतरताना यांचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. शेजारची काकू म्हणाली, "औषध तं तुह्या घरातच हाय, दवाखान्यात कावून जाता?" यांनीही लगेच पाय पुढे केला. लाथ कंबरेच्या उसणीवरची, दुखणं घोट्याचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण? रोज तेल लावून माझ्या टाचेनं घोटा रगडून घ्यायचे. सूज उतरली आणि हे पुन्हा वर चढायला लागले.

पण आता चालताना घोट्यामागची शीर टक् करून हाडावर यायची आणि परत मागे जायची. शेवटी मीच हट्टानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर नागपूरकडचे होते.

"घोट्यापाशी चिवट पट्टा असतो. तो स्नायूंच्या या शिरा हाडामागे धरून ठेवतो," ते म्हणाले. "तुमचा फाटलाय. नेफा उसवला की नाडी बाहेर येते, तसं झालंय. तेव्हाच प्लास्टर घातलं असतं तर जुळला असता. तुम्ही चोळत बसलात."

"मले वर चढता येईन ना, साहेब?"

"चढाल. उतरताना शीर सरकली तर? ऑपरेशन करून चालणं सुधारेल. उंचीवरचं काम मात्र विसरा."

बाहेर बाकावर बसल्यावर यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. वाईट वाटलं, पाठीवर हातही ठेवला. पण खोटं कशाला सांगू, आतून वाटत होतं, सुटले बाई एकदाची. भिलाईत आल्यापासूनचा सगळा शीण अंगावर आला. हे रडत होते, आणि त्यांच्या पाठीवर हात तसाच ठेवून मला गाढ झोप लागली.