गोड कोणासाठी?

"आधी सांगा, खाणार कोण?" साखरेच्या डब्याचं झाकण हातात धरून मामा विचारायचे. उत्तर मिळाल्याशिवाय डब्यात चमचा घालायचे नाहीत.

तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत त्यांनी आयुष्यभर स्वयंपाक केला. मुलं मामा म्हणायची, म्हणून आम्हीही. बायको गेलेली. निवृत्त होऊन ते डहाणूत माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आले, २०१४ साली. असे शेजारी तुम्हीही पाहिले असतील. दार कायम उघडं आणि आत दुसरं कोणीच नाही.

शाळेत शिकवून माझा घसा बसला की मामा खडीसाखर द्यायचे. दात पडलेल्या आजोबांसाठी पिठीसाखरेचे मऊ लाडू, समोरच्या गुजराती बेनसाठी रवाळ बुरा साखर घालून बेसनाचा मगज, तापातून उठलेल्याला गुळातली नाचणीची पेज. साखर काय, सगळी गोडच, असं मी एकदा म्हणालो.

"माणसं सारखी नसतात ना, मास्तर."

शिरा मात्र नेहमी पातेलंभर व्हायचा. हात अजून आश्रमशाळेतच आहे, असं म्हणत ते दारोदार वाटत फिरायचे. पातेलं रिकामं झालं, तरी उंबऱ्याशी जरा रेंगाळायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी उंबरगावला असायची. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि मामा लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. २०१७ मध्ये गंजाडच्या एका नातेवाइकाकडून कळलं की तिला मुलगा झाला. मामांनी त्याच दिवशी गूळ किसायला घेतला. बाळंतिणीला डिंकाचे लाडू गुळातलेच हवेत, म्हणाले. मग मला सोबत चला म्हणाले. एकटा गेलो तर कोपऱ्यावरूनच परत फिरेन, असं त्यांचं म्हणणं.

मुलीच्या सासूनं मानानं बसवलं, चहा दिला, डबा आत नेला. सून झोपली आहे, म्हणाली. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मग आत कोणीतरी हलक्या आवाजात बाळाला समजावू लागलं. तो आवाज मामांनी ओळखला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मुलगी बाहेर आली नाही.

"आवाज खणखणीत आहे पोराचा," परतताना एसटीत ते एवढंच बोलले.

पुढेही उंबरगावला जाणारं कोणी भेटलं की ते लाडू पाठवायचे. निरोप कधीच आला नाही.

२०१९ च्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. मुलगी आली, मुलाला कडेवर घेऊन. दिवसकार्याला मामांच्या नावाचं पान वाढताना ती माझ्याकडे वळली.

"काका, बाबांना गोडात काय आवडायचं?"

मी आठवून पाहिलं. त्यांना काही खाताना मी पाहिलंच नव्हतं. मुलीनं पानावर नुसता गुळाचा खडा ठेवला.