मोहफुलांचा महिना पोर त्याच्याकडे

चंद्रपूरच्या कोर्टात मध्यस्थीच्या खोलीबाहेर माझ्या भावाला बाकावर बसवलं, आणि आत मला जायला सांगितलं. आमच्या पोंभुर्ण्याकडे घरातल्या भांडणाची बैठक बसली की बाई पदर घेऊन मागं बसते, बोलतो तिचा भाऊ. इथं बोलायचं होतं मलाच. नवऱ्यापासून वेगळी राहत होते. वाद उरला होता एकच, आठ वर्षांची पोर कोणाजवळ राहणार.

मध्यस्थ वकीलबाई होत्या. आधी दोघांना समोरासमोर बसवलं, मग मला एकटीला आत घेतलं. म्हणाल्या, "इथलं बोलणं तुम्ही हो म्हटल्याशिवाय बाहेर जात नाही. जजसाहेबांपर्यंतही नाही." कोण भरवसा ठेवते!

"बाई, इतक्या भेता काऊन?" त्यांनी विचारलं.

मग निघूनच गेलं तोंडातून. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मी जंगलात मोहफुलं वेचायला जाते, पोरीलाही नेते. उशीर झाला की गुरं फुलं खाऊन जातात, आणि घरी तिला ठेवू कोणापाशी? कोर्टात येण्याआधीच्या उन्हाळ्यात झाडाखाली वाघाच्या पंजांचे ताजे ठसे दिसले. तिचा हात धरून पळाले. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा घेऊन गेले. हे नवऱ्याला कळलं तर पोर गेलीच, एवढंच डोक्यात होतं.

"मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "पण उद्या दुसरीकडून कळलं तर होईल तो समझोता टिकेल का, ते पाहा."

असा राग आला मला! यांचं काय जाते म्हणायला. तरी समोरासमोर बसल्यावर मी सांगून टाकलं. त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

तो म्हणाला, "पोरगी तुह्यापाशीच राहू दे. मोहाच्या महिन्यात माह्याकडे धाड. माय आहे घरी, सांभाळते."

समझोत्यावर सही केली. पोर मला मिळाली होती, तरी त्या एका महिन्याची धास्ती बसली ती बसलीच.

पहिली दोन वर्षं ती महिना संपायच्या आतच परत यायला रडायची. यंदा तिचा फोन आला, "आई, अजून आठ दिवस इथीच राहू?"

"राह्य," म्हटलं. फोन ठेवला आणि लगेच परत लावला, आठ म्हणजे आठच, एवढं सांगायला.

तिनं उचलला नाही.