गिअरबॉक्सचा कान

आमच्या दुकानात येणारा माणूस आधी मालाला लाथ मारतो. दरवाजा असो, ॲक्सल असो, रेडिएटर असो, समोर जे पडलं असेल त्याला बुटाच्या टोकानं ढोसतो आणि मग विचारतो, "कितीले देता?" नव्या वस्तूंच्या दुकानात हाच माणूस काचेला बोट लावायलाही बिचकतो. अकोल्यात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं आमचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ही लाथ बघतेय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. जुनं म्हणजे मेलेलं, असं या लोकांना कोणी शिकवलं कोण जाणे. गाडी समोरून ठोकली जाते, तिचं तोंड जातं, पण मागचा अख्खा ॲक्सल शाबूत असतो. हे सांगायला जावं तर ऐकायला थांबतो कोण.

गाड्या खोलणं, माल तपासणं आणि विकणं हे माझ्या नवऱ्याचं काम. बांधणं माझं. हे काम मला कोणी दिलं नाही, मीच ओढून घेतलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी एक हेडलाइट जुन्या टीव्हीच्या खोक्यात घालून बाहेरगावी पाठवला होता. वर फक्त सुतळी. तिकडून खोकं परत आलं ते हलवलं की खुळखुळ वाजायचं. त्या दिवशी मी म्हटलं, उद्यापासून बांधणं माझ्याकडे. यांनी मान डोलावली, कारण त्यांना बांधण्याचा कंटाळाच होता.

माझं माहेर पातूरकडचं, भाजी पिकवणारं. मोठ्या बहिणीनं आणि मी लहानपणापासून टोपल्या भरल्या. वांग्याचं काटेरी देठ शेजारच्या वांग्यात घुसतं, आणि बाजारात पोचेपर्यंत तिथे काळा डाग पडतो. म्हणून देठं सगळी एका बाजूला. हे ताईनं मला शिकवलं, तेही पाठीत धपाटा घालून. बांधणाऱ्याला एवढंच कळावं लागतं की कुठलं टोक बाहेर आलंय आणि ते कोणाला लागणार आहे. वांग्याचं जे, तेच गिअरबॉक्सचं. त्याच्या तोंडाशी दांडा बाहेर आलेला असतो, आणि इंजिनाला बोल्टनं जोडायला कडेनं चारपाच तुकडे पुढे आलेले असतात. मेकॅनिक त्यांना कान म्हणतात. सगळं ओतीव ॲल्युमिनियम, वाकत नाही, थेट तुटतं. एक कान तुटला की गिअरबॉक्स इंजिनाला सरळ बसत नाही.

म्हणून माझी पद्धत ठरलेली. आधी आतलं तेल पूर्ण काढायचं, भोकांमध्ये चिंध्यांचे बोळे ठोकायचे. दांड्यावर जाड पाइपचा तुकडा चढवायचा. मग गिअरबॉक्स जुन्या टायरच्या पोकळीत बसवायचा, म्हणजे तो कुठल्याही बाजूनं टेकला तरी रबरावर टेकतो. कानांच्या पुढे संत्र्याच्या पेटीच्या फळ्या. वरून बारदान, आणि त्यावरून दोर असा फिरवायचा की दोन माणसांना धरायला दोन मुठी राहतील. टायर भंगारातला, बारदान बाजारातलं, फळ्या फळवाल्याकडच्या. खर्च जवळपास नाहीच. नवीन थर्माकोल आणि पुठ्ठे लावून पाठवणाऱ्यांचा माल फुटतो, माझा फुटत नाही, याचा मला गर्व होता. तो मी लपवतही नसे.

एक सवय मात्र आमच्या सगळ्या बाजाराची होती आणि माझीही. ट्रान्सपोर्टच्या बुकिंगला गेलं की कारकून बिल्टी, म्हणजे मालाची पावती, लिहायला घेतो आणि विचारतो, माल काय? आम्ही सांगायचो, भंगार. गाडीचा भाग म्हटलं की भाडं वाढतं, शिवाय जुन्या मालाला कागद कुठला, कोणत्या गाडीचा, अशा नाही नाही त्या चौकशा. भंगार म्हटलं की कोणी मान वर करत नाही. आमचे कागद चोख होते, पण ते रोज कोणाकोणाला दाखवत बसायचं? माझ्या आधी सगळे भंगारच सांगत, माझ्यानंतरही सांगतील.

त्या वर्षी दसऱ्याच्या पाच दिवस आधी ताईचा फोन आला. ती दिली आहे तिवस्याकडे. भाऊजी आणि ती वावरात झेंडू लावतात. त्यांची एक पिकअप आहे, आणि गावातल्या आणखी चार घरांचा झेंडू त्याच गाडीतून अमरावतीच्या बाजाराला जातो.

"गिअरबॉक्स गेला वो गाडीचा," ताई म्हणाली. "मेकॅनिक म्हणते, खोलून दुरुस्त कराले दसरा उलटून जाईन. तुमच्याकडं हाय का?"

होता. त्याच मॉडेलचा एकच होता.

"मंग पाठव. अन् तूच बांधजो. दुसऱ्या कोणाले हात लावू देजो नको. तू बांधशील त मले घोर नाई."

झेंडूचं गणित ज्याला माहीत नाही त्याला सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जे फूल बाजारात पोचलं ते फूल. दसऱ्याच्या दुपारनंतर त्याच फुलांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडलेले असतात आणि गायी त्यांना तोंड लावत नाहीत. पाच घरांनी तीन महिने राबून जे उभं केलं होतं ते एका गाडीवर अवलंबून होतं, आणि ती गाडी माझ्या गिअरबॉक्सवर.

मी दोन तास बांधत होते. दोर ओढताना तळहात सोलले. यांना म्हटलं, बाजूला व्हा. टायर एक नाही, दोन लावले, एक खाली आणि एक तोंडाशी. बांधून झाल्यावर स्वतः धक्का देऊन बघितला, आतून हूं नाही की चूं नाही. मग हातगाडीवर घालून ट्रान्सपोर्टला गेले. तिथे नेहमीची गर्दी, मागचा माणूस माझ्या खांद्यावरून कागद पुढे सारतोय. कारकुनानं वर न बघता विचारलं, "काय लिवू?"

मी म्हटलं, "भंगार."

विचार करून म्हटलं नाही. नाव, गाव सांगावं तसं तोंडातून आलं. बिल्टी पदराला बांधली आणि घरी येऊन ताईला फोन केला की परवा सकाळी अमरावतीत जाऊन ताब्यात घ्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. कान तुटला होता. एक नाही, दोन.

मी अंगावरच्या साडीनिशी बसस्टँड गाठलं. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत मी मनातल्या मनात त्या ट्रान्सपोर्टवाल्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझा माल आजवर फुटला नव्हता. दोन टायर, फळ्या, बारदान, दोन मुठी, एवढं करून यांना तो नीट उतरवता येत नाही? यांच्या घरचा फ्रिज असाच उतरवतात का? मूर्तिजापूरला शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, मी बहुतेक मोठ्यानं पुटपुटत असेन.

गोदामाच्या दारात ताई आणि भाऊजी उभे होते. गिअरबॉक्स कोपऱ्यात होता. तोंडाजवळचा टायर निखळून बाजूला पडलेला, फळीचे दोन तुकडे, आणि दोन कान मुळापासून गेलेले. तुटलेल्या जागी ॲल्युमिनियम पांढरंशुभ्र चमकत होतं. मी तिथूनच ओरडायला सुरुवात केली. कोणी उतरवला, कसा उतरवला, मालकाला बोलवा.

एक वयस्क हमाल पुढे आला. त्यानं लपवाछपवी केली नाही.

"म्याच उतरवला बाई. भंगार आमी ट्रकातून खालीच ढकलतो. तुमचं बांधकाम झकास होतं, पण भंगारात कोण पाहते? गाडीचा सामान लिवलं असतं त दोघं लागलो असतो, गादीवर घेतला असता."

त्याच्यामागे टेबलाशी बसलेल्या कारकुनानं रजिस्टर फिरवून माझ्यापुढे सरकवलं. "हे पाहा. भंगार लिवलं हाय. भंगार तुटलं म्हणून तक्रार कराले मी आजवर कोणाले येताना पाह्यलं नाई."

ताईनं रजिस्टर ओढून घेतलं. तिला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. वाचून झाल्यावर तिनं वर बघितलं.

"हे भंगार कोनं लिवलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अकोल्याच्या कारकुनानं."

खोटं नव्हतं. अक्षर त्याचंच होतं.

मग ताईच्या तोंडाचा पट्टा सुटला. माझी ताई शांत बाई, गावात कोणाशी भांडण नाही. त्या दिवशी तिनं अख्खं गोदाम डोक्यावर घेतलं. "माह्या बहिणीनं हाताची सालं काढून बांधलं हे. पाहा तिचे हात. अन् तो तिकडं खुर्चीवर बसून भंगार लिवते? बायकोनं वाढलेल्या ताटाले बी भंगारच म्हणत असन तो. माणसाची मेहनत दिसत नाई याइले. जुनं दिसलं की लाथ."

ही शेवटची वाक्यं माझी होती. कितीतरी वर्षं मीच तिला फोनवर ऐकवत आले होते.

कारकून म्हणाला, "ताई, पाठवणारा जे सांगते तेच तो लिवते."

"मंग माही बहीण सांगन काय? सख्ख्या बहिणीच्या सामानाले ते भंगार म्हणन काय?"

कारकुनानं माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. त्याच्या धंद्यात माझ्यासारखे रोज वीस येत असणार. मला वाटलं, आता हा बोलणार. त्यानं रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि म्हणाला, "नाई. बहीण कायले म्हणन."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. हमाल उभा होता, भाऊजी उभे होते, आणि ताईनं माझा सोललेला हात स्वतःच्या हातात धरून ठेवला होता. मी बोलले नाही.

अमरावतीतल्या वेल्डिंगवाल्याकडे दसऱ्यापर्यंत रांग होती. भाड्याच्या गाड्या सगळ्या फुलांसाठी आधीच गेलेल्या. भाऊजींनी हातापाया पडून एक गाडी अर्ध्या मालापुरती मिळवली. त्यातही ताईनं आधी त्या चार घरांचा झेंडू चढवला, कारण त्या बायांनी तिच्या भरवशावर तोडणी केली होती. तिचा स्वतःचा बराचसा झेंडू वावरातच राहिला. दसऱ्याला सोनं द्यायला मी गेले तेव्हा बांधावर पोती तशीच होती आणि त्यांना कुबट वास सुटला होता. त्या चार घरच्या बाया अंगणात बसल्या होत्या. ताई त्यांना सांगत होती, "माह्या बहिणीच्या बांधण्यात खोट नव्हती हो. तो अकोल्याचा कारकून हलकट." बायांनी मला बसायला जागा करून दिली आणि माझ्यासमोर त्या कारकुनाला मनसोक्त शिव्या घातल्या.

आता मी बिल्टीवर मालाचं खरं नाव लिहायला लावते. त्यावरून त्या कारकुनाशी रोज वाजतं. तो म्हणतो, भाडं जास्त पडेल, नेहमीसारखं भंगार टाकू का? मी त्याच्यावर खेकसते, आणि रांगेतले लोक वळून बघतात. त्याला बिचाऱ्याला कळत नाही की या बाईला अचानक काय झालं.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन होता. यंदाचा झेंडू कसा आहे ते सांगता सांगता तिला परत तो गिअरबॉक्स आठवला, आणि तिनं परत विचारलं, "काहून वो, तो मेला अजून हाय का तिथं खुर्चीवर?"

मी म्हटलं, "हाय ना ताई. अशा लोकाइले काय होते."