डोमाजींच्या मुठीतला दोर

दुपारचं जेवण झालं की डोमाजी ओसरीवरच्या खाटेवर आडवे होतात. आज मात्र डोळा लागत नाही. उशाखाली कागद आहे. झाडीपट्टीतल्या नाटकमंडळीत एकतीस वर्षं त्यांनी पडद्याचा दोर धरला, म्हणून आज सत्कार आहे. शालिकराम नटाची मुलगी शेवंता मास्तरीण चार वाजता न्यायला येणार. साठी उलटल्यावर तिनंच त्यांना बाराखडी शिकवली, आणि गुरुदक्षिणा एकच मागितली. "काका, माझे बाबा स्टेजवरच गेले. तुम्ही सर्वांत जवळ होते. कसे गेले, ते लिहा."

डोमाजींनी त्या कागदावर लिहिलं आहे, 'शालिकरामनं काही खूण केली नाही. मला वाटलं, नाटकच चाललं आहे.'

पापण्या जड होतात. अंगणातल्या तारेवरचं धोतर हलतं, लांबत जातं, लाल पडदा होतं. डोमाजी विंगेत उभे असतात, दोर मुठीत.

समोर शालिकराम. मुकुट मांडीवर, हातात बिडी. माणूस मरून बारा वर्षं झाली, पण मिशी अजून डिंकानं चिकटवलेलीच.

"काहून गा डोमा, शिकला म्हणे तू? म्हातारपणी पाटी?"

"तुझ्याच पोरीनं शिकवलं."

"मग सांग मास्तर, आपल्या नाटकाचा खरा नायक कोन?"

"हे काय विचारणं झालं? तू. राजा. दिवस मावळेपर्यंत गडाचं दार उघडणार नाही म्हणून शपथ घेतली, अन् पोटचा पोरगा दाराबाहेर मेला."

"राजा वाईट होता का?"

"नाही गा. वचनाचा पक्का."

"तेच त. वाईट माणूस पडला त लोक टाळ्या वाजवतात. पण भला माणूस आपल्या भलेपणाच्या हट्टानंच पडते, अन् उमगते तेव्हा दार उघडून उपयोग नसते. त्याच्यासाठी लोक रडतात, डोमा."

बिडीचा धूर विरतो, तेव्हा दोघं शाळेच्या बाकावर बसलेले असतात. फळ्यावर डोमाजींचंच वळणावळणाचं अक्षर.

"वाच."

"'काही खूण केली नाही.'"

"मोठ्यानं वाच."

बाक नाहीसा होतो. पायाखाली स्टेजच्या फळ्या. पहाटेचा शेवटचा प्रवेश चालू आहे, राजा आडवा पडला आहे. 'दार उघडा' हे त्याचे शेवटचे शब्द. ते आले की दोर सोडायचा. वाचता येत नव्हतं, म्हणून डोमाजींनी प्रत्येक अंकाचे शेवटचे शब्द पाठ केले होते. ते कानावर पडल्याशिवाय पडदा पडला, असं कधी घडलं नाही. तीच त्यांची इभ्रत.

शालिकराम मान वळवून विंगेकडे बघतो. डोळे राजाचे नाहीत.

"डोमा... सोड गा."

डोमाजींची मूठ दोरावर आवळते. हे ऐकलेलं आहे. त्या पहाटेही ऐकलं होतं, अगदी असंच.

"शेवटचं वाक्य म्हण ना," ते कुजबुजतात, तेव्हा कुजबुजले होते तसेच. "म्हण, मग सोडतो."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट होतो. शालिकरामचे ओठ हलतात, शब्द येत नाहीत. डोमाजी बोटं उघडू बघतात. बोटं उघडत नाहीत.

"मुकुट कोनाच्या डोक्यावर आहे, डोमा?" कानाशी आवाज येतो.

ते डोक्याला हात लावतात. पुठ्ठ्याचा काठ बोटांना लागतो.

डोमाजी ताडकन उठून बसतात. तारेवर धोतर वाळलं आहे. उजव्या तळव्याची आग आग होते, म्हणून ते बघतात, तर आडवा लाल वळ, कातडी सोललेली, आणि त्यात रुतलेला काथ्याचा एक धागा. बारा वर्षांत त्यांनी दोर धरलेला नाही. घरात काथ्याचा दोरच नाही.

फाटक वाजतं. "काका, चला! लिहिलं ना?"

उशाखालचा कागद ते बाहेर काढतात, पण तिच्या हाती देत नाहीत. सोललेल्या मुठीत तो चुरगळून जातो.

"बस पोरी. सत्कार राहू दे," ते म्हणतात. "तुझ्या बापानं मला हाक मारली होती."